नर्मदेची कवटी आणि तापीचा गाळ

(चोपडा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेवर ‘आदिमानवाचे जीवाश्म आणि त्याचं जग’ असा विषय छापून आल्यापासून एकच प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडून ऐकू आला आहे. आपल्या खान्देशात सापडलाय का आदिमानव? उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे कुणी शेवटपर्यंत आशेवर बसून राहायला नको. नाही सापडला. आपल्याआधी या पृथ्वीवर वावरलेल्या मानवाचं एकही हाड जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून नोंदलं गेलेलं नाही. त्याची दगडी हत्यारं मिळाली आहेत, तीही भरपूर. पण हत्यार म्हणजे माणूस नव्हे. चोरानं टाकून दिलेली पहार मिळाली म्हणून चोर पकडला असं कोणता फौजदार म्हणेल?

तरीही हा विषय मी चोपड्यातच बोलायला घेतला, त्याला कारण आहे. या सभागृहाच्या उत्तरेला सातपुडा आहे. तो ओलांडला की नर्मदेचं खोरं. भारतीय उपखंडात आदिमानवाची जी एकमेव कवटी बहुतेक सगळ्या अभ्यासकांनी मान्य केली आहे, ती त्या खोऱ्यात मिळाली. इथून सरळ रेषेत अंतर मोजलं तर तीनशे-सव्वातीनशे किलोमीटर. नर्मदा आणि तापी या बहिणी आहेत असं आपण म्हणतो ते भूगोलाच्या हिशेबानंही खरं आहे. दोघी पश्चिमेला वाहतात, दोघी खचलेल्या जमिनीच्या लांबट खोलगट पट्ट्यांतून वाहतात आणि दोघींनी आपापल्या पात्राच्या काठांवर लाखो वर्षांचा गाळ साठवून ठेवला आहे. एकीच्या गाळात माणूस मिळाला. दुसरीच्या गाळात आपण नीट पाहिलेलंच नाही. आज मला सांगायचं आहे ते याच न पाहिलेल्या गाळाबद्दल.

आधी नर्मदेकडे जाऊ. तारीख आहे ५ डिसेंबर १९८२. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले अरुण सोनकिया मध्य प्रदेशातल्या सिहोर जिल्ह्यात, होशंगाबादपासून जवळच असलेल्या हथनोरा गावाशी नदीकाठचे थर तपासत होते. होशंगाबादला आता नर्मदापुरम म्हणतात. नर्मदेच्या उत्तर काठावर गोट्यांचा आणि वाळूचा एक घट्ट थर आहे, चुन्यानं सांधलेला, हातोडीनं फोडावा लागेल इतका कठीण. त्या थरात त्यांना कवटीचा तुकडा दिसला. उजवी बाजू बरीचशी शाबूत, डावीकडचा थोडा भाग तिला जोडलेला. चेहरा नाही, जबडा नाही, दात नाहीत. एक फुटकी टोपी म्हणा ना. पण त्या टोपीच्या पुढच्या कडेला, भुवईच्या जागी, हाडाची जाड कमान होती. कवटीची भिंतही आपल्यापेक्षा जाड होती. ज्याला कवट्या ओळखता येतात त्याला पहिल्या नजरेतच कळावं की हे आजच्या माणसाचं डोकं नाही.

नर्मदेत असं काही मिळेल, ही आशा त्याआधी दीडशे वर्षांपासून होती. इंग्रज अधिकारी आणि डॉक्टर १८३० च्या सुमारापासूनच इथून हत्तींचे, रेड्यांचे, पाणघोड्यांचे दगड झालेले अवशेष गोळा करत होते. १८७० च्या दशकात हॅकेट या भूवैज्ञानिकाला नरसिंहपूर जिल्ह्यातल्या भुतरा इथे त्याच जीवाश्मांच्या थरात गारेच्या दगडाची घडवलेली हातकुऱ्हाड मिळाली. म्हणजे ते प्राणी आणि माणूस एकाच काळी इथे होते, हे तेव्हाच कळलं होतं. १९३५ मध्ये हेल्मुट द टेरा इथे येऊन थर मोजून गेले. त्यांच्याबरोबर तेयार द शार्दां हे जेसुइट पंथाचे शास्त्रज्ञही होते. पेकिंगच्या आदिमानवाच्या संशोधनात ज्यांचा हात होता तेच हे. माणूस मात्र त्यांना मिळाला नाही. तो मिळाला एका सरकारी भूवैज्ञानिकाला, काठावरच्या थरांचं काम चालू असताना. या शास्त्रात नेहमी असंच होतं, असं काही म्हणत नाही. पण जो थर समजून घ्यायला जातो त्याला कधीतरी हाड भेटतं, आणि जो फक्त हाड शोधायला जातो तो बहुधा रिकाम्या हातानं परत येतो.

आता ही कवटी कुणाची? सोनकियांनी तिला आधी होमो इरेक्टसच्या घरात बसवलं आणि ‘नर्मदेन्सिस’ असं उपनाव दिलं. होमो इरेक्टस म्हणजे जावाच्या आणि पेकिंगच्या माणसाचं कूळ. मग फ्रान्सच्या मारी-आन्तुआनेत द लुम्ले यांनी तिचा अभ्यास केला. पुढे अमेरिकेतले केनेथ केनेडी आणि त्यांचे सहकारी यांनी १९९१ साली मोजमापं छापली आणि सांगितलं की ही इरेक्टस नव्हे, ही आपल्याच जातीच्या जुन्या, आर्ष पिढीतली आहे. त्यामागचं कारण मेंदूच्या आकाराचं होतं. अर्ध्या कवटीवरून पूर्ण डोकं काढायचं म्हणजे अंदाज आलाच. वेगवेगळ्या अभ्यासकांचे आकडे ११५५ घनसेंटिमीटरपासून १४२१ पर्यंत जातात. आजच्या माणसाची सरासरी साधारण १३५० धरतात. म्हणजे त्या जाड भुवईमागचा मेंदू आपल्यापेक्षा फार लहान नव्हता, कदाचित लहान नव्हताच. ती व्यक्ती बहुधा स्त्री होती आणि ऐन तारुण्यात गेली, असाही एक निष्कर्ष आहे. पुढे मानववंशशास्त्रीय सर्वेक्षणाच्या ए. आर. सांख्यान यांना त्याच हथनोऱ्याला गळ्याजवळची दोन हाडं, म्हणजे हंसळ्या, आणि बरगडीचा तुकडा मिळाला. हंसळ्या इतक्या आखूड की ती माणसं फारच बुटकी असावीत असं त्यांचं म्हणणं. ही हाडं कवटीवाल्या माणसांचीच की दुसऱ्याच कुणाची, यावर अजून भांडण आहे.

भांडणाचं मूळ कवटीत नाही, थरात आहे. हा गोट्यांचा थर पुराच्या पाण्यानं आणून टाकलेला आहे. नदी काय करते? वरच्या अंगाला एक काठ कापते, त्यातली लाखभर वर्षांची हाडं उचलते आणि खाली नव्या वाळूत नेऊन टाकते. उद्या आपण ती वाळू खणली तर जुनं आणि नवं मांडीला मांडी लावून बसलेलं दिसतं. हथनोऱ्याच्या कवटीचं वय दोन-अडीच लाख वर्षांपासून पाच लाखांपर्यंत सांगितलं गेलं. २००९ साली राजीव पटनाईक, पार्थ चौहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच जागेची नव्यानं तपासणी केली, तेव्हा तिथल्या प्राण्याच्या दातावरून आलेली वयं त्याहून बरीच अलीकडची निघाली. कुठला आकडा खरा मानायचा? कवटी तिच्या मूळ जागी पडली होती की वाहत आली होती, यावर ते ठरतं. तेच नेमकं सांगता येत नाही.

असाच घोटाळा जावामध्येही झाला आहे. डच डॉक्टर युजीन द्युब्वा यांना १८९१ साली सोलो नदीच्या काठी त्रिनिल इथे एक कवटीची टोपी मिळाली. तिथेही चेहरा नाही, जबडा नाही. दुसऱ्या वर्षी तिथून काही मीटरवर मांडीचं हाड मिळालं. द्युब्वांनी दोन्ही एकाच प्राण्याची मानली आणि जाहीर केलं की हा दोन पायांवर ताठ चालणारा वानर-मानव. गंमत अशी की मांडीचं हाड जवळजवळ आजच्या माणसासारखं दिसतं. ते खरंच त्याच थरातलं, त्याच काळातलं आहे का, यावर सव्वाशे वर्षं उलटली तरी वाद संपलेला नाही. आणि त्रिनिलच्या त्या थरात आणखी कोण होतं? स्टेगोडॉन. हत्तीचा हा नष्ट झालेला चुलतभाऊ. नर्मदेतही तो आहे. त्याच्या एका जातीचे सुळे एकमेकांच्या इतके जवळ की सोंड मध्ये राहायला जागाच नाही, ती बाजूनं लोंबवावी लागत असणार. फाल्कनर या शास्त्रज्ञाला हे सुळे पाहून काय वाटलं कोण जाणे, त्यानं त्या जातीला गणपतीचं नाव दिलं.

या सगळ्या बरोबरच्या प्राण्यांकडे लोक दुय्यम म्हणून पाहतात. वर्तमानपत्रात कवटीचा फोटो येतो, रेड्याच्या दाताचा येत नाही. माझ्या मते उलट व्हायला हवं. कवटी माणूस कसा दिसत होता ते सांगते. तो कुठल्या जगात राहत होता, हे सांगतो तो रेड्याचा दात. हथनोऱ्याच्या आसपासच्या थरांत सरळ सुळ्यांचा प्रचंड हत्ती आहे, त्याचं शास्त्रीय नावच नर्मदेवरून ठेवलेलं. रानबैल आहे, रानरेडा आहे, हरणं आहेत, घोडा आहे आणि पाणघोडा आहे. आता विचार करा. घोड्याला मोकळं गवताळ रान लागतं. हरणाला झाडी आणि आडोसा लागतो. पाणघोड्याला बारा महिने पाणी असलेला डोह लागतो, उन्हाळ्यात आटणारी नदी त्याच्या कामाची नाही. हे सगळे एकत्र, म्हणजे मैलमैल गवत, मध्ये मध्ये रानाच्या पट्ट्या आणि बारमाही डोह असलेली नदी. पाण्यावर येणारं जनावर गाठायला याहून चांगली जागा माणसाला मिळणं कठीण. हातकुऱ्हाडी नदीकाठीच का मिळतात, याचं उत्तर याच देखाव्यात आहे.

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी, कारण समोर बसलेल्या ज्येष्ठांपैकी अनेकांनी ती शाळेत पाठ केली असेल. ‘रामापिथेकस हा मानवाचा आद्य पूर्वज.’ शिवालिकच्या टेकड्यांत, हरितल्यांगर इथे, १९३२ साली अमेरिकेच्या जी. एडवर्ड लुईस यांना जबड्याचा तुकडा मिळाला. त्याचा दातांचा कमानदार आकार माणसासारखा वाटला आणि नाव ठेवलं रामापिथेकस. पुढे बरीच वर्षं मानवाचा पहिला पूर्वज भारताचा, रामाच्या नावाचा, असं जगभर छापलं जात होतं. मग पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर त्याच कुळातल्या शिवापिथेकसचा जवळजवळ पूर्ण चेहरा मिळाला. डेव्हिड पिलबीम यांनी तो १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. तो चेहरा थेट ओरांगउटानसारखा निघाला. रामापिथेकस आणि शिवापिथेकस एकच, आणि ते माणसाचे नव्हे, ओरांगउटानचे नातेवाईक. त्याच वर्षी हथनोऱ्याची कवटी मिळाली. भारताचा एक पूर्वज एका हातानं गेला आणि दुसऱ्या हातानं एक आला. पण काही क्रमिक पुस्तकांतून आणि स्पर्धा परीक्षांच्या गाइडांतून रामापिथेकस कितीतरी वर्षं हलला नाही. परीक्षा देणाऱ्या मुलांनी ते उत्तर लिहून मार्कही मिळवले असतील.

तुम्ही म्हणाल, आफ्रिकेत मात्र एवढं नेमकं कसं सांगतात? इथिओपियात हदारला १९७४ मध्ये मिळालेली ती ‘लूसी’, तिचं वय सुमारे ३२ लाख वर्षं असं ठामपणे लिहिलं जातं. त्याचं रहस्य ज्वालामुखीत आहे. पूर्व आफ्रिकेच्या खचदरीत पुन्हा पुन्हा ज्वालामुखी फुटले आणि त्यांची राख गाळाच्या थरांत पसरत गेली. राखेतल्या खनिजांत पोटॅशियम असतं, त्याचा एक भाग ठरलेल्या गतीनं आरगॉन वायूत बदलत जातो. तो वायू मोजला की राख कधी पडली ते कळतं. हाड वरच्या राखेच्या खाली आणि खालच्या राखेच्या वर असलं की वय दोन्हीकडून पकडलं जातं. टांझानियात लेटोलीला तर ओल्या राखेवरून चालत गेलेल्या माणसांची पावलंच दगडात राहिली आहेत, ३६ लाख वर्षांपूर्वीची. त्या राखेवर पावसाच्या थेंबांचे ठसे आहेत. पाऊस पडला, ते चालत गेले, वर पुन्हा राख पडली, इतकं सगळं एका फरशीवर वाचता येतं.

आपल्या दख्खनला मात्र ज्वालामुखीनं वेगळ्या काळात वेढलं. आपला काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्या दगडात माणूस शोधणं व्यर्थ आहे. दगडात गोल गारगोटीचा गोळा दिसला की ‘डायनासोरचं अंडं’ म्हणून फोटो फिरतो, तेवढाच त्याचा उपयोग. माणसाच्या काळातली राख महाराष्ट्रात फार थोड्या जागी आहे. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यात कुकडी नदीवर बोरी नावाचं गाव आहे. तिथे राखेचा थर मिळाला आणि त्याच्या सोबत आदिमानवाची हत्यारं. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना केवढा आनंद झाला असेल! पण पुढे काय झालं पाहा. एका मोजणीनं राख १४ लाख वर्षांची ठरवली. दुसरीनं ६ लाख ७० हजारांची. तिसऱ्या गटानं सांगितलं की ही राख इंडोनेशियातल्या तोबा ज्वालामुखीची, म्हणजे फक्त ७४ हजार वर्षांपूर्वीची. एक थर, एक गाव आणि वयात जवळजवळ वीस पटींचा फरक. यावर लोक हसतात, पण मला यात शास्त्राचा प्रामाणिकपणा दिसतो. तीन प्रयोगशाळांनी आपापली पद्धत उघडी मांडली, म्हणून तर आपल्याला फरक कळला. तोबाची राख आपल्याही वाटेवर आहे बरं का. तापीला चांगदेवजवळ येऊन मिळणाऱ्या पूर्णेच्या खोऱ्यात, विदर्भाच्या बाजूला, गाळात ज्वालामुखीच्या राखेचे थर नोंदवले गेले आहेत. पूर्णेचा गाळ आणि तापीचा गाळ यांची सीमा फक्त नकाशावर आहे.

मग दख्खनमध्ये माणसाची हाडं का नाहीत? हत्यारं आहेत. गंगापूर, नेवासे ही नावं हसमुख सांकळिया यांनी गोदावरी-प्रवरेच्या काठी हत्यारं शोधून जगाला सांगितली. नेवाशाजवळ चिरकीला गुडरून कॉर्व्हिनस या जर्मन संशोधिकेनं साठच्या दशकाच्या अखेरीस मोठं उत्खनन केलं आणि हातकुऱ्हाडींची खाणच उघडली. प्राणीही आहेत. नाशिक जिल्ह्यात नांदूर मधमेश्वरला गोदावरीच्या गाळातून निघालेल्या प्राचीन हत्तीच्या अवशेषांवर गाय पिलग्रिम यांनी १९०५ सालीच निबंध लिहिला होता. आज तिथे पक्षी बघायला गर्दी होते, हत्तीचं कुणाला ठाऊकही नसतं. प्राणी आहे, हत्यार आहे, माणूस नाही. यात गूढ काही नाही. हाड दगड व्हायला त्यावर लगेच गाळ बसावा लागतो आणि जमिनीत चुना मुरावा लागतो. दख्खनच्या वरच्या नद्यांच्या काठी गाळ पातळ आहे. पावसाळ्यात भिजायचं, उन्हाळ्यात भेगा पडायच्या, असं शेकडो वेळा झालं की हाडाचा भुगा होतो. हत्तीच्या सुळ्याचा टिकाव लागतो. पाच फुटी माणसाच्या पातळ कवटीचा लागत नाही. त्यात माणसं मुळातच संख्येनं थोडी. शंभर हरणांमागे एखादा माणूस मरत असेल.

नर्मदेला हे अडथळे कमी पडले, कारण तिचा गाळ जाड आहे, चुनखडीनं भरलेला आहे. आता हेच वर्णन मी कुणाच्या वावराबद्दल करतोय ते चोपडा-यावल-रावेरच्या केळीवाल्यांना सांगायला नको. बोअर घेताना काय निघतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. वरची काळी, मग पिवळसर माती, मग चुनखडीचे खडे, मग वाळू, पुन्हा माती, पुन्हा गोटे. शेकडो फूट खाली जाऊनही काळा दगड लागत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी जमीन खचली आणि त्या खळग्यात डोंगरातून आलेल्या नद्या-नाल्यांनी आणि तापीनं गाळ भरला. सध्या आपण त्या गाळाकडे फक्त पाण्याचा साठा म्हणून पाहतो. पातळी किती खाली गेली, पुनर्भरण कसं करायचं, हीच चर्चा. ती हवीच. पण त्याच गाळात लाखो वर्षांची नोंदवही पडून आहे. ते चुनखडीचे खडे प्रयोगशाळेत नेले तर तेव्हा इथे गवत जास्त होतं की झाडी, पाऊस कमी होता की जास्त, हे त्यातल्या कार्बनवरून सांगता येतं. तापीच्या काठांना जिथे घळी पडल्या आहेत, तिथे तर बोअरचीही गरज नाही. वीस-तीस फुटांचे थर उभे कापलेले दिसतात.

या जिल्ह्यात काळजीपूर्वक पाहिलं की काय मिळतं, याचा पुरावा आहे पाटणे. चाळीसगावच्या दक्षिणेला, पाटणादेवीच्या डोंगराच्या पायथ्याशी. पाटणं म्हटलं की आपल्याला भास्कराचार्य आठवतात, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ दिल्याचा शिलालेख तिथे आहे. पण तिथल्या नाल्याकाठी १९७२-७३ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातले एस. ए. साळी यांनी जे उत्खनन केलं, ते भास्कराचार्यांच्याही चोवीस-पंचवीस हजार वर्षं मागे जातं. साळी हे धुळे-जळगावचे नदी-नाले पायाखाली घातलेले संशोधक. पुढे दायमाबादच्या उत्खननात त्यांनी मोठं नाव केलं, पण माझ्या मते पाटणं हेच त्यांचं श्रेष्ठ काम. थरावर थर, खाली मध्य पुराश्मयुग, वर उत्तर पुराश्मयुग, त्यावर नखाएवढ्या बारीक पात्यांचा काळ. अकीक, सूर्यकांत अशा चकचकीत दगडांची पाती. आणि शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे.

शहामृग! खान्देशात! त्या कवचाच्या तुकड्यांवरून घेतलेलं रेडिओकार्बन वय आलं सुमारे २५ हजार वर्षं. काही तुकडे घासून, भोक पाडून मणी केलेले. एका तुकड्यावर समांतर रेघांच्या मध्ये आडव्यातिडव्या रेघांची जाळी कोरलेली. भारतातल्या कोरीव म्हणून सांगितलेल्या अशा अनेक कवचांची रॉबर्ट बेडनारिक यांनी भिंगाखाली तपासणी केली आणि बहुतेकांवरच्या रेघा माणसाच्या नसून जमिनीत वनस्पतींच्या मुळांनी पाडलेल्या आहेत असं दाखवलं. पाटण्याचा तुकडा मात्र माणसानं कोरलेलाच, असा त्यांचा निर्वाळा. इतक्या कडक परीक्षकाकडून पास होणं ही साधी गोष्ट नाही. शहामृगाबद्दल कुणाला शंका असेल तर तीही मिटली आहे. २०१७ मध्ये हैदराबादची सीसीएमबी आणि रुरकीची आयआयटी या संस्थांमधल्या संशोधकांनी राजस्थान-मध्य प्रदेशातल्या अशाच कवचांतून डीएनए काढला. तो आफ्रिकेतल्या शहामृगाशी जुळला.

शहामृग दाट रानात राहत नाही. त्याला कोरडं, उघडं माळरान लागतं, दूरवर दिसायला आणि पळायला. म्हणजे पंचवीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात येत असताना, मोसमी पाऊस मंदावला होता आणि आपला मुलूख आजच्याहून कोरडा, गवताळ होता. पाटण्याचा माणूस आपल्याच जातीचा, तुमच्या-माझ्यासारखाच. त्यानं त्या कोरड्या काळात अंडं शोधलं, आतलं खाल्लं आणि कवचावर नक्षी काढत बसला. हथनोऱ्याची बाई पाणघोड्याच्या डोहाकाठी आणि पाटण्याचा माणूस शहामृगाच्या माळावर. या दोन चित्रांच्या मध्ये जे सगळं घडलं त्यातलं काही ना काही तापीच्या गाळात असायलाच हवं. मी ‘असेल’ म्हणत नाही, ‘असायलाच हवं’ म्हणतो. नदी तिचीच बहीण, डोंगर तोच, गाळ त्याच जातीचा. फक्त नर्मदेकाठी दोनशे वर्षांत जेवढी पावलं फिरली, त्याच्या दशांशही तापीकाठी फिरली नाहीत. प्रकाशे, बहाळ यांची उत्खननं झाली, ती उत्तम झाली, पण ती शेती करणाऱ्या माणसांच्या गावांची. त्याआधीचा तापीकाठ अजून कोरा आहे.

आणि हा कोरा कागद आपण भराभर फाडतो आहोत. घळी सपाट करून वावर वाढवलं जातंय. वाळूसाठी पात्र खरवडलं जातंय. मुरमासाठी टेकड्यांचे पायथे कापले जातायत. यात शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला पोट आहे. पण जेसीबीच्या दातांना हाड आणि दगड यांतला फरक कळत नाही, तो पाहणाऱ्या माणसालाच कळायला हवा. दक्षिण आफ्रिकेत ताउंगला १९२४ साली चुनखडीच्या खाणीत स्फोट करताना एक छोटी कवटी बाहेर आली. खाणीवरच्यांनी ती फेकून दिली नाही. ती जोहान्सबर्गला रेमंड डार्ट या शरीरशास्त्राच्या प्राध्यापकापर्यंत पोहोचवली, म्हणून माणसाच्या आफ्रिकेतल्या मुळांचा पहिला पुरावा हाती आला. ताउंगच्या खाणमजुरांपेक्षा आपली मुलं अडाणी आहेत का? प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे.

म्हणून या भागातल्या शिक्षकांना, विद्यार्थ्यांना आणि बोअर, विहीर, वाळूचं काम करणाऱ्यांना माझी विनंती आहे. काठात किंवा खोदकामात दगडासारखं जड हाड दिसलं, तुटलेल्या कडेला आतली बारीक जाळी दिसली, तर ते उपटू नका. उचलून घरी आणलेलं हाड म्हणजे अर्धं मेलेलं हाड. आधी शेजारी एक नाणं किंवा पट्टी ठेवून फोटो काढा, मग थोडं मागं जाऊन पूर्ण काठाचा फोटो काढा. गाव, नाला, वरच्या कडेपासून ते किती फूट खाली होतं आणि कुठल्या रंगाच्या थरात होतं, हे तिथेच लिहून ठेवा. मग जवळच्या महाविद्यालयातल्या भूगर्भशास्त्राच्या किंवा इतिहासाच्या विभागाला, पुण्याच्या डेक्कन कॉलेजला किंवा नागपूरला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. दहातली नऊ हाडं गेल्या पिढीतल्या बैलाची निघतील, तेव्हा कुणी हसलं तर हसू द्या. आणि महाविद्यालयांना एक सांगणं. दर उन्हाळ्यात, तापीचं पाणी उतरलं की, एका वर्गाला घेऊन चोपड्याच्या हद्दीतल्या घळींचे थर मोजायला सुरुवात करा. त्याला परवानगी लागत नाही, निधी लागत नाही. मोजपट्टी, वही आणि डोक्याला टोपी एवढं पुरेल. पहिली नोंद याच उन्हाळ्यात करा.